वगळलेल्या हिरड्या

तव्यावर तंबाखूची पानं टाकली की आधी ती आकसतात, मग करपतात, धुराने डोळे चुरचुरतात आणि शेवटी पानं काळी ठिक्कर पडतात. गार झाली की कुटायची, चाळायची, डबीत भरायची. झाली मशेरी. घाटावर हिलाच मिसरी म्हणतात. सकाळी उठल्यावर चिमूटभर काळी पूड तळहातावर घ्यायची, तर्जनीने हिरड्यांवर चोळायची आणि लगेच चूळ न भरता तोंडात मुरू द्यायची. तेवढ्यात अंगण झाडून होतं, पाणी भरून होतं. रायगडच्या किनाऱ्यावर, रेवस-बोडणीपासून खाली श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत, जुन्या पिढीतल्या कित्येक बायकांच्या हाताशी ही डबी असते. दात घासायला म्हणून लागलेली सवय दिवसातून चार-पाच वेळांवर कधी जाते ते कळतही नाही. सोडायचं म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं: मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं.

अशी एखादी बाई हिरड्यांच्या उपचारावर चाललेल्या चाचणीत सहभागी व्हायला गेली, तर बहुतेक वेळा तिला दारातूनच परत पाठवलं जाईल.

हिरड्यांवरच्या चाचण्यांमध्ये कोणाला घ्यायचं यापेक्षा कोणाला घ्यायचं नाही ही यादी लांब असते. तंबाखू घेणारे बाद. मधुमेह असेल तर बाद. गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर बाद. गरोदर बाद. तोंडात वीसही दात उरले नसतील तर बाद. यामागे शास्त्रीय कारण नाही असं नाही. एखाद्या जेलचा किंवा गुळण्यांचा गुण तपासायचा तर बाकीच्या गोष्टी शक्य तितक्या सारख्या हव्यात; मशेरी लावणारी आणि न लावणारी एकाच गटात आली तर फरक औषधाने पडला की सवयीने, हे सांगता येत नाही. पण २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू वापरतात. म्हणजे साधारण चौघांतला एक. चौघांतल्या एकाला वगळून काढलेला निष्कर्ष उरलेल्या तिघांचा असतो. त्यातून मधुमेही वजा करा, दात पडलेले वजा करा. शेवटी चाचणीत उरतात ती दंत कॉलेजच्या जवळपास राहणारी, बऱ्यापैकी धडधाकट, बोलावलं की येणारी माणसं. ज्यांच्या हिरड्यांची सगळ्यात जास्त दैना झालेली असते, ती या हिशेबात कुठेच नसतात.

हिरड्यांचं दुखणं मुळात गुपचूप चालतं. दातांवर चिकट थर साचतो, लाळेतल्या क्षारांनी त्याचं दगडासारखं कीटण होतं, हिरडी सुजते, ब्रश लावला की रक्त येतं. इथवर सगळं मागे फिरवता येतं. पुढे हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये फट पडते. दंतवैद्य तिला पॉकेट म्हणतात आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळी आत घालून तिची खोली मोजतात. तीनपर्यंत ठीक. चारला भुवया उंचावतात. सहाला आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलेलं असतं, आणि झिजलेलं हाड साध्या साफसफाईने परत येत नाही. एवढं होईपर्यंत दुखत काहीच नाही. दुखतं तेव्हा दात हलत असतो, आणि हलणाऱ्या दाताला आपल्याकडे एकच उपाय माहीत असतो.

जुन्या लोकांत एक समज पक्का आहे: दात साफ करून घेतले की ढिले होतात. याला हसण्यात अर्थ नाही. ज्या दाताचं हाड आधीच गेलेलं असतं, त्याला शेजारच्या दातांशी धरून ठेवणारं कीटणच असतं. ते काढलं की दात हलतो आणि बोल दंतवैद्याला लागतो. गावात एकाच्या बाबतीत असं झालं की पुढची दहा वर्षं त्या आळीतलं कोणी दात साफ करायला जात नाही.

हे सगळं थरातल्या जंतूंमुळे होतं, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. पण ते माणसावर दाखवून दिलं गेलं १९६५ मध्ये. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर पूर्ववत झाल्या. बारा माणसं, तीन आठवडे, आणि दंतवैद्यकाची दिशा बदलली. प्रश्न नेमका असेल तर लहान चाचणीही पुरते, याचं याहून चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

याच ल्योंचं दुसरं काम मात्र लांबलचक होतं आणि आपल्या जास्त जवळचं. १९७० मध्ये श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० तमिळ मजुरांच्या तोंडांची तपासणी सुरू झाली. या माणसांनी कधी ब्रश हातात धरला नव्हता, दंतवैद्य पाहिला नव्हता. १९८५ पर्यंत त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन मोजमापं घेतली गेली. सगळ्यांची तोंडं सारखीच अस्वच्छ असताना सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. पंधरा वर्षं नुसतं बघत राहणं आजच्या कुठल्याही नीतिसमितीला चालणार नाही, चालूही नये. पण तेव्हा हाती लागलेलं ते आठ, एक्याऐंशी, अकराचं गणित अजून पाठ्यपुस्तकांत आहे. ते तीन महिन्यांत सापडलं नसतं.

आपल्याकडे मात्र चाचण्यांची घडी तीन महिन्यांवर, फार तर सहा-नऊ महिन्यांवर बसली आहे. याचं कारण आजारात शोधून सापडणार नाही, ते अभ्यासक्रमात आहे. हिरड्यांच्या उपचारांवरचं आपलं पुष्कळसं संशोधन एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून येतं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. विषय ठरवायचा, नीतिसमितीची मंजुरी घ्यायची, विद्यापीठाकडे आराखडा पाठवायचा, आणि परीक्षेच्या काही महिने आधी प्रबंध बांधून द्यायचा. मधे हातात उरतो तो वर्ष-दीड वर्षाचा काळ. तेवढ्यात तीस-चाळीस रुग्ण जमवून, उपचार करून, तीन महिन्यांनी पुन्हा पॉकेट मोजणं जमतं. त्यापुढचं जमत नाही. विद्यार्थ्याला दोष देता येणार नाही. त्याला पास व्हायचं असतं. पण दरवर्षी नवा विद्यार्थी नवा विषय घेतो आणि जुन्या रुग्णांचं पुढे काय झालं ते कोणी विचारत नाही, ही रीत बदलायला विद्यापीठाला कोणी अडवलेलं नाही.

या घाईतून चांगलं काही निघालंच नाही असं म्हणणं अन्याय होईल. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयातल्या मंडळींनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर जणांवर हळदीच्या गुळण्या आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या यांची एकवीस दिवस तुलना केली. दातांवरचा थर रोखण्यात क्लोरहेक्सिडिन सरस ठरलं. हिरडीच्या सुजेवर हळदही उपयोगी पडली. हळदीला डोक्यावर घेऊन नाचावं असं त्यात काही नाही, उडवून लावावं असंही नाही. क्लोरहेक्सिडिनने जिभेची चव जाते, दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून पर्याय शोधणं रास्तच. पण गुळण्या कुठल्याही असोत, पॉकेटच्या तळाशी त्या पोचत नाहीत. कीटण खरवडून काढावंच लागतं. हळदीच्या बातम्या छापताना हे वाक्य सहसा गळतं.

जेलांची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१० च्या सुमारास बेंगळुरूच्या शासकीय दंत महाविद्यालयातून एकामागून एक चाचण्या प्रसिद्ध होऊ लागल्या. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन औषधं, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, हाडं ठिसूळ होण्यावरचं अॅलेन्ड्रोनेट यांचं जेल करून ते साफ केलेल्या पॉकेटमध्ये भरायचं. निकाल डोळे दिपवणारे होते. जगभरातल्या आढावा लेखांत त्यांचा उल्लेख झाला. मग २०२० मध्ये युरोपच्या पेरिओडोन्टॉलॉजी महासंघाने उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा ही जेलं वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. बहुतेक पुरावा एकाच ठिकाणाहून आलेला होता, आणि तसेच निकाल इतरांच्या हातून, इतर गावांत, पुरेसे आले नव्हते. एखादा निकाल दुसऱ्याने पुन्हा काढून दाखवल्याशिवाय तो पक्का होत नाही. आपल्याकडे दुसऱ्याचं काम पुन्हा करून बघण्याला प्रतिष्ठा नाही. प्रबंधाचा विषय ‘नवा’ हवा असतो.

जगातही सगळं सुरळीत चाललंय असं नाही. हिरड्यांवर उपचार केले तर मधुमेह ताब्यात येतो का, हा प्रश्न घ्या. अमेरिकेत २०१३ मध्ये ५१४ रुग्णांवरच्या चाचणीत काही फरक दिसला नाही. त्यावर टीका झाली की हिरड्याच नीट बऱ्या झाल्या नव्हत्या, तर साखर कशी उतरेल? लंडनमधल्या २६४ जणांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटावर कसून उपचार केले, वर्षभर पाठपुरावा ठेवला, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी आला. २०२२ मध्ये चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा तीन-चार महिन्यांनंतरचा फरक ०.४३ टक्के निघाला. मधुमेहाची एखादी गोळी वाढवल्यावर पडतो त्याच्या आसपासचा हा फरक आहे. आणि बघा, मधुमेह्यांना वगळलं असतं तर हे कळलंच नसतं.

दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या, हा सल्लाही एकदा तपासला गेला. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या ६३ दवाखान्यांत १,८७७ जणांचे तीन गट केले: सहा महिन्यांनी सफाई, बारा महिन्यांनी सफाई, सफाई नाही. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये आलेल्या अहवालात, हिरड्यांतून रक्त येण्यात गटागटांत फरक नव्हता. ही बातमी वाचून आपल्याकडच्या कोणी दंतवैद्याची वेळ रद्द करू नये. ती माणसं मुळात नेमाने दवाखान्यात जाणारी होती आणि गंभीर आजार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. तिथला प्रश्न होता, फार वेळा सफाई करतोय का? अलिबाग-मुरूडच्या कोळीवाड्यातला प्रश्न आहे, आयुष्यात एकदा तरी झाली का? पण त्या चाचणीकडून घेण्यासारखं एक आहे. कंपनीला विकता येईल असं त्यात काहीच नव्हतं. रोजच्या, फुकटच्या वाटणाऱ्या उपचारावर सरकारी पैसा घालून, तीन वर्षं थांबून, सरळ प्रश्न विचारला गेला.

आपल्याकडचा सरळ प्रश्न कोणता? आपल्याकडचं दुखणं मोठं आहे यात वाद नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटातल्या ८९.६ टक्के लोकांत हिरड्यांचा काही ना काही आजार आढळला होता. त्यात साध्या कीटणापासून सगळं धरलेलं होतं, हे मान्य. मशेरीचाही शोध नवा लागायचा नाही. मुंबईत नव्वदच्या दशकात ९९,५९८ लोकांची पाहणी झाली तेव्हा बायकांत तंबाखूचं प्रमाण ५७.५ टक्के निघालं, जवळजवळ सगळं न ओढण्याच्या तंबाखूचं, आणि त्यात मशेरीचा वाटा मोठा. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पानाला कुठला कायदा लागणार?

म्हणून प्रश्न असा: मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्या साध्या सफाईने किती टिकतात? सफाईसोबत मशेरी सोडवायला मदत केली तर पाच वर्षांनी तिचे किती दात वाचतात? मशेरी सुटली नाही, नुसती पाच वेळांवरून एकदावर आली, तरी फरक पडतो का? मधुमेह असेल तर साखरेत काय होतं? यातल्या एकाही प्रश्नाला जेल लागत नाही. लागतात हातातली अवजारं, हिशेबाच्या वह्या आणि धीर.

हे जमणारं नाही असं म्हणणाऱ्यांनी बार्शीकडे बघावं. १९९९ पासून तिथल्या कर्करोग रुग्णालयाला धरून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ ग्रामगटांतल्या १,३१,७४६ बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या चाचणीत घेतलं होतं. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, आणि २००९ मध्ये तो निकाल जगाने वाचला. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांना घेऊन सुरू केलेली चाचणी दोन दशकं चालली. त्यात तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका दहावीच्या आसपास शिकलेल्या होत्या आणि त्यांच्या हातात महागडं यंत्र नव्हतं, पातळ केलेलं अॅसेटिक अॅसिड होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू या तपासणीने ३१ टक्क्यांनी घटले. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी केले, तेही असंच गावं वाटून, मोजून. लांब, स्वस्त आणि सरळ चाचणी ही महाराष्ट्राला परकी गोष्ट नाही. दातांकडे ती अजून वळलेली नाही, एवढंच.

आणि रायगडात काय नाही? पनवेल तालुक्यात कामोठे आणि खारघर इथे दंत महाविद्यालयं आहेत. खारघरलाच टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, जिथे चाचणी कशी चालवायची हे जाणणारी माणसं रोज कामाला येतात. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. गावोगाव आशाताई आहेत, ज्यांना कुठल्या घरात कोण मशेरी लावतं हे विचारावं लागत नाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र तिथेच उभं आहे. सुपारीच्या झाडाला संशोधन केंद्र आहे याचा हेवा वाटू नये, २०२० च्या निसर्ग वादळाने वाड्या झोपवल्या तेव्हा त्याची गरज दिसलीच. पण सुपारी चावणाऱ्या तोंडाकडेही कोणी तितक्याच चिकाटीने बघावं.

अडचण एकच खरी आहे, अंतराची. श्रीवर्धनहून पनवेलला यायचं तर एसटीत दिवस मोडतो, शिवाय वाटेत वर्षानुवर्षं रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग आहे. मासळी विकणाऱ्या बाईचा एक दिवस गेला की त्या दिवसाची कमाई गेली. अहवालात अशा रुग्णापुढे ‘पाठपुराव्याला आली नाही’ एवढं लिहिलं जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते. ती द्यावी. त्याहून बरं म्हणजे खुर्चीच गावात न्यावी. दात साफ करण्याचं यंत्र पेटीत मावतं.

काही गावांना उपचाराविना ठेवायचं का, हा नीतीचा प्रश्न येईल, तर सफाई सगळ्याच गावांना द्यावी. निम्म्या गावांत तिच्याबरोबर मशेरी सोडवायचा पाठपुरावा आणि दर चार महिन्यांनी फेरी ठेवावी. चाचणीची नोंद आधी व्हावी. २०१८ च्या एप्रिलपासून देशाच्या चाचणी नोंदवहीत काम सुरू झाल्यावर नोंद चालत नाहीच. एमडीएसच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने एकाच चाचणीचं काम पुढे न्यावं, प्रत्येकाने आपल्या वर्षांचा तुकडा प्रबंध म्हणून द्यावा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने एवढी मुभा दिली की पाच वर्षांची चाचणी पाच विद्यार्थ्यांत बसते.

सुरुवात कधी करायची, तेही समुद्राने ठरवून दिलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणायला घेतलेली असतात, पुरुष घरी असतात आणि बायकांच्या मासळीच्या टोपल्याही हलक्या असतात. हे ६१ दिवस महाविद्यालयांनी आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आत्ताच आपल्या कॅलेंडरवर मांडून ठेवावेत. १ ऑगस्टला होड्या पुन्हा पाण्यात जातात.